उजेड आत जातो

राजपुऱ्याच्या दरवाजातून सायकल हातात धरून चालत असताना मागून कुणीतरी आपल्याच नावाने ओरडतंय हे दिगंबर पिंगळ्याला बऱ्याच वेळाने कळलं. दोन्ही बाजूंच्या घरांत माग खटखटत होते, आणि या गल्लीत माणसं एकमेकांना किती वाजले हेसुद्धा ओरडूनच विचारतात, त्यामुळे ओरडण्याला इथे काही किंमत नाही. वळून पाहिलं तर शाळेचा शिपाई देवराम टोपी हातात घेऊन धावत येत होता. "ओ सर! पिंगळे सर! किती आवाज द्यायचा मानसानं! बदलीचा हुकूम आला ना तुमचा. नागपूर! हेडमास्तरसाहेबांनी सोता वाचला, म्हने जा, पकड त्यांना रस्त्यात." पानाच्या दुकानावरच्या दोघातिघांनी माना वर केल्या. "अरे वा, ऑप्शनवाले चालले," त्यांतला एक म्हणाला. दिगंबर हसला. हसावं लागतं अशा वेळी. देवराम मिठाईशिवाय सोडायला तयार नव्हता, बिलकुल नाही म्हणाला, आणि मग धाप टाकत त्याने सहज पुढची गोष्ट सांगितली. "घरी पैले जाऊन आलो मी. वाटलं तुम्ही पोहोचले असान. बाईंना सांगून दिलं." दिगंबरच्या हातातलं हँडल सुटलं आणि सायकल आडवी पडली. देवरामने ती उचलून दिली, सीटवरची माती टोपीने झटकली आणि म्हणाला, खुशी अशीच असते सर. दिगंबरने मान हलवली.

छप्पन साली राज्यं मोडून नवी केली, तेव्हा नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि बुऱ्हाणपूर राहिलं इकडे, भोपाळच्या हाताखाली. सरकारी नोकरांना विचारलं गेलं की कुठे जायचं ते लिहून द्या. दिगंबरने नागपूर लिहून दिलं. तिथे तो शिकला होता, तिथे लायब्ररी होती, कॉलेजातला मित्र नंदकुमार होता, आणि शाळेतल्या पोरांना तरफ आणि कप्पी शिकवून विटलेल्या माणसाला बोलायला चार माणसं होती. कोकिळा बुऱ्हाणपूरची, राजपुऱ्यातच माहेर. ती म्हणाली, तुमचं जिथं तिथं माझं. झालं. त्या दिवसापासून लोधीपुऱ्यातलं त्यांचं बिऱ्हाड तिथे असून नसल्यासारखं झालं. भिंतींना चुना दिला नाही, कारण कशाला, हुकूम येईलच. लोणच्याची मोठी बरणी माळ्यावरून खाली काढली नाही. थोडं थोडं घालायचं, नाहीतर नेताना सांडेल. खाटेखाली दोन ट्रंका अर्ध्या भरलेल्या, आणि रोज त्यांतूनच कपडे काढायचे. अशी घरं गावात बरीच होती. वाण्यापासून न्हाव्यापर्यंत सगळे त्यांना ऑप्शनवाले म्हणत, आणि काय हो, अजून इथंच का, म्हणून चिडवत. पहिल्या वर्षी चिडवणं गमतीचं वाटलं. नंतर सवय झाली. जे काही करायचं ते हुकूम आला की करायचं, ही एक जगण्याची रीतच होऊन गेली, आणि ती रीत किती सोयीची आहे हे दिगंबरला फार उशिरा कळलं.

आता घरी जायला हवं होतं. लोधीपुरा इथून काही लांब नव्हता. पण सायकल आपोआप नदीकडे वळली आणि तो तिच्याबरोबर गेला. घाटाच्या पायऱ्यांवर पुराचा गाळ अजून साचलेला होता, वरचा थर वाळून त्याला भेगा गेल्या होत्या, आणि तापीचं पाणी अजून गढूळ होतं. दोन भोई पाण्यात कमरेएवढे उभे राहून माशांसाठी बांबूच्या निमुळत्या टोपल्या लावत होते. दिगंबर एका कोरड्या पायरीवर बसला. हुकूम यायला नको होता. तीन वर्षं ज्याची वाट पाहिली तो येऊ नये म्हणून गेले काही दिवस तो मनातल्या मनात अक्षरशः हात जोडत होता. हुकूम येत नव्हता तोपर्यंत त्याचं खोटं सुरक्षित होतं. भुसावळच्या डॉक्टरांकडून आल्यावर तो कोकिळेला म्हणाला होता, "ताकदीची औषधं दिलीत. बाकीचं नागपूरला गेलो की करू. ऑपरेशन तिथं चांगलं होतं." तिने मान डोलावली होती. आणि आता नागपूर आलं होतं, ती सामान बांधायला बसली असेल, आणि तिला सांगायचं की नाही हे आज, दिवेलागणीच्या आत, ठरवायला हवं होतं. सांगितलं तर तिच्या हाती उरलेत ते दिवस नासणार. नाही सांगितलं तर नागपूरच्या दवाखान्यात कुणी परकी बाई तिचा पदर बाजूला करून तिला सांगणार. त्याला दोन्हीची सारखीच भीती वाटत होती.

भुसावळला जाताना गाडीत तो खिडकीशी बसून नव्या राज्याची हद्द शोधत होता. असली पोरकट सवय. नकाशावर तर ती ठळक लाल रेघ होती, तिच्यापायी मोर्चे निघाले होते, माणसं मेली होती. बाहेर केळीच केळी. इकडे बहादरपुराकडे जशी, तशीच पुढे, हद्दीपलीकडे रावेरकडे. तेच पाण्याचे पाट, तेच बैल, पानांवर तीच धूळ. कोकिळा सुजलेला उजवा हात उशीवर ठेवून बसली होती. त्या हातातल्या बांगड्या आधीच उतरवाव्या लागल्या होत्या, दोन फोडून काढल्या, आणि उरलेल्या तिने डाव्या हातात चढवल्या होत्या. "काय पाहून राहिले इतकं?" तिने विचारलं. तो म्हणाला, "हद्द." ती म्हणाली, "गेली असेल केव्हाच." दवाखान्यात तिला बाहेरच्या बाकावर बसवून डॉक्टरांनी त्याला आत घेतलं. वयस्कर, थकलेला माणूस. हात धुताना पाठमोऱ्यानेच बोलला. बगलेत गेलंय, छातीत गेलंय, आता सुरी लावून तिचे हाल करण्यात अर्थ नाही. वेळेवर आणलं असतं तर. "वेळेवर म्हणजे कधीपर्यंत?" दिगंबरने विचारलं. डॉक्टर टॉवेलने एकेक बोट पुसत राहिले. "तशी तारीख सांगता येत नाही हो मास्तर. ती वेळ असते एवढं खरं. पण ती गेली हे आम्हालाही मागाहूनच समजतं." बाहेर कोकिळा शेजारच्या बाईच्या तान्ह्या मुलाला डाव्या हाताने खेळवत होती. स्टेशनवर गाडीला अवकाश होता, त्याने मोसंबी विकत घेतली.

तारीख सांगता येत नाही. हे वाक्य त्याने आधी ऐकलं होतं, म्हणजे वाचलं होतं, आणि वाचून आनंदाने जिना चढत वर कोकिळेकडे धावला होता. ते आठवलं की त्याला आता स्वतःची किळस येते. नागपुरात एम.एस्सी.ला असताना त्यांना शिकवलं होतं की एखादा प्रचंड तारा स्वतःच्याच वजनाने आत कोसळत गेला, तर एका ठरावीक त्रिज्येशी येऊन समीकरण मोडतं. खाली शून्य येतं. काळ थांबतो. प्राध्यापकांनी फळ्यावर वर्तुळ काढून त्यावर खडू आपटला होता: ही भिंत. लांबून पाहणाऱ्याला दिसेल की आत पडणारा माणूस हळू होत चाललाय, आणखी हळू, त्याचा चेहरा लाल, मग मंद, आणि त्या वर्तुळाशी तो टांगलेलाच राहतो, पलीकडे गेलेला कधीच दिसत नाही. लग्नानंतर नवेपणी दिगंबरने ही गोष्ट कोकिळेला सांगितली होती, बायकोला सांगायला त्याच्याकडे दुसरं काही नव्हतं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे मरत नाही तो? मग बरंच आहे की." तो मोठ्याने हसला होता. मग मागच्या साली नंदकुमारने एका अमेरिकन नियतकालिकातला नवा लेख हाताने उतरवून पाठवला. भिंत नाहीच. भिंत होती ती आपल्या मोजमापात. लांबच्या माणसाचं घड्याळ धरून हिशेब केला म्हणून शून्य आलं. पडणाऱ्याचं घड्याळ धरा, सगळं सुरळीत. तो त्या वर्तुळातून जातो तेव्हा धक्का नाही, आवाज नाही, तिथे काही म्हणजे काहीच नसतं. फक्त त्यानंतर परत येता येत नाही. आणि तो क्षण कुठला, हे त्या जागी उभं राहून, जवळच्या कुठल्याही यंत्राने मोजता येत नाही. पुढचं सगळं घडून गेलं की मगच ती रेघ मागे काढता येते.

पडदा आहे, पण एकाच बाजूने जाऊ देणारा, असं त्या लेखात होतं. खाली भोयांच्या टोपल्या तशाच होत्या. मासा टोपलीच्या तोंडातून आत जातो तेव्हा त्याला पाणीच लागतं, आधी लागत होतं तेच पाणी. लेख आला त्या दुपारी तो हे सगळं सांगत सुटला होता. कोकिळा खिडकीशी पाठमोरी उभी राहून काहीतरी निवडत होती, तांदूळ असावेत. तो सांगत होता आणि ती हो हो करत होती, आणि मध्येच तिने विचारलं, "त्या पडणाऱ्याला बाहेरचं दिसतं का हो?" चांगला प्रश्न होता. तो खूश झाला. "दिसतं ना. सगळं दिसतं. उजेड आत जातो, त्याला अडवत नाही कुणी. आतला उजेड तेवढा बाहेर येत नाही." मग, पाठ न वळवता, ज्या आवाजात ती दूध नासलं असं सांगायची त्याच आवाजात म्हणाली, "अहो, इथं काहीतरी सुपारीएवढं लागतंय हाताला." कुठं, असं विचारून त्याने वर पाहिलं आणि तिचा हात कुठे आहे ते पाहून पुन्हा कागदाकडे पाहिलं. "दुखतं?" "नाही. बिलकुल नाही." "मग हुकूम आला की नागपूरला दाखवू. तिथं बाईडॉक्टर आहे. इथं कुठं पुरुषमाणसाला दाखवत बसतेस." तिचे खांदे सैल झाले. सुटल्यासारखे. ते सुटणं त्याला दिसलं होतं, आणि त्यालाही सुटल्यासारखं वाटलं होतं, आणि त्याने समीकरणाची पुढची ओळ वाचायला घेतली होती.

पण वेळ गेली ती तीच दुपार होती का? की तेव्हा अजून वेळ होती? त्यानंतर संक्रांत झाली, कोकिळेच्या बहिणीच्या, विमलच्या मुलीचं बारसं झालं, उन्हाळ्यात दोघं पहाटे गावाबाहेरच्या भंडाऱ्यापर्यंत, त्या जुन्या विहिरींपर्यंत चालत गेली आणि येताना कोकिळा थकली म्हणून टांगा केला. तो टांगा? की त्याच्या अलीकडे, ज्या दिवशी तिने कूस बदलून निजायला सुरुवात केली? की शिमग्याच्या सुमारास तिने एकदा विचारलं, "हुकमाचं काही?" आणि तो म्हणाला, भोपाळला फायली पडून आहेत, आणि ती बरं म्हणाली? गेले कित्येक दिवस तो एकेक दिवस उलटून पाहत होता आणि प्रत्येक दिवस मेला अगदी साधा निघत होता. वरण, भात, शाळा, मागांची खटखट. एखाद्या दिवसाने तरी कुठे ओरखडा दाखवावा. तो दिवस सापडला तर आपण काय करणार होतो, हेही त्याला माहीत नव्हतं. त्याला फक्त राग काढायला एक दिवस हवा होता.

आणि आणखी एक गोष्ट त्याला घाबरवत होती. कोकिळेचा चेहरा डोळ्यांसमोर आणायचा म्हटलं की तो दोन वर्षांपूर्वीचा येई. भरलेले गाल, दोन्ही हातांत बांगड्या. रोज समोर वावरणारी, कॉलर उभी राहावी तशी गळ्याची हाडं वर आलेली बाई त्याला दिसतच नव्हती जणू; नजर तिच्यावरून घसरून जुन्या कोकिळेवर जाऊन थांबायची. मंद होत चाललेली, पण टांगलेली. म्हणजे लांबचा माणूस आपण. दोन खोल्यांच्या घरात, ताटाला ताट लावून जेवणारे आपण लांबचे, आणि ती एकटी, काही न कळता, आत आत चाललेली. काही न कळता, एवढाच त्याला आधार होता. तो आधार मोडायचा नाही असं त्याने पायरीवरून उठताना ठरवलं. नागपूर नको म्हणून लिहून द्यायचं, कारण काहीतरी सांगायचं, आणि तिला इथेच, माहेरच्या गावात, न कळता राहू द्यायचं. ठरवल्यावर त्याला थोडं हलकं वाटलं.

उन्हं कलली होती. जिना चढताना वरून भांड्यांचा आवाज आला. कोकिळा खिडकीकडे पाठ करून जमिनीवर बसली होती, समोर एक ट्रंक उघडी. खिडकीतून पश्चिमेचं ऊन सरळ आत येत होतं आणि दारात उभ्या दिगंबरच्या तोंडावर पडत होतं, त्यामुळे तिची नुसती काळी आकृती त्याला दिसली. "आलात? देवराम येऊन गेला. किती वेळ लावला. नदीवर गेले होते?" त्याने हो म्हटलं. "चहा ठेवते जरा वेळानं. हे एवढं लावून घेते." तो तिथेच उभा राहून म्हणाला, "कोकिळा, मी काय म्हणतो, नागपूरचं नको आता. मी तसं कळवून टाकतो. इथंच बरं आहे आपल्याला."

"कळवू नका काही," ती म्हणाली. "जायचं तुम्ही. आत्ता नाही म्हणत मी. महिना-दोन महिने मुदत मागून घ्या, देतात म्हणे. तेवढी बस होईल."

तेवढी बस होईल. त्याने ते ऐकलं आणि ऐकलं नाही असं करून पुढे येऊन ट्रंकेत पाहिलं. त्याचे सदरे होते, घड्या घातलेले. कोट. सुईत काळा दोरा आणि दुसऱ्या सुईत पांढरा, दोन्ही ओवून कापडाच्या तुकड्यात खोचलेल्या. स्टोव्हची पिन कागदात गुंडाळून वरच ठेवलेली. आणि कडेला भांडी: एक पातेलं, एक तांब्या, एक वाटी, एक ताट. त्याने हात घालून ताट उचललं, खाली दुसरं असेल म्हणून. खाली वर्तमानपत्र होतं. "बाकीची?" त्याने विचारलं.

"विमलकडे जातील. लुगडीसुद्धा. मी सोता देईन तिला हातानं, तुम्हाला नाही जमायचं ते. एका माणसाला किती लागतात भांडी? उगीच घासत बसाल."

"कुणी सांगितलं तुला?" त्याचा आवाज इतका बारीक निघाला की त्याला स्वतःलाच तो शाळेतल्या पोराचा वाटला.

"तुम्हीच." ती हसल्यासारखी वाटली, चेहरा दिसत नव्हता. "भुसावळच्या टेसनावर मोसंबी घेतली तुम्ही. सोलून दिली. फोडी करून, बिया काढून. लग्नाला इतकी वर्षं झाली, कधी पाण्याचा पेला उचलून नाही दिला मला. तवाच समजून गेले. आणि मग रोज दिसून राहिले ना तुम्ही मला. ताटावर बसले की दिसता, पुस्तक उघडून पान नाही पलटत ते दिसतं. तुम्हीच म्हटलं होतं ना, आतल्याला बाहेरचं सगळं दिसतं म्हणून."

तो खाली बसला. बोलायला तोंड उघडलं, पण जे तयार करून ठेवलं होतं ते सगळं तिला न कळण्यावर उभं होतं. "मला बोलली का नाहीस?" एवढंच तो म्हणाला. "तुम्हाला सहन नाही झालं असतं," ती म्हणाली. खाली माग चालूच होते. तिने एक सदरा काढून पुन्हा घडी घातली, एका हाताने, हनुवटीखाली धरून. "एक बोलू का? रागावू नका. दोन पावसाळे मी वाट पाहिली. हुकमाची नाही. वाटायचं, एकदा तरी तुम्ही म्हणाल, हुकूम गेला चुलीत, ऊठ, संध्याकाळच्या गाडीनं जाऊ. मी लाजेपायी नाही म्हटलं असतं. पन गेले असते. ओढून नेलं असतं तर गेले असते." तिचा आवाज शेवटी फुटला, आणि तिने तो गिळला, आणि पुन्हा सदऱ्याची बाही सारखी केली. दिगंबरला वाटलं आता तिच्या पायांवर डोकं ठेवावं, रडावं, काहीतरी करावं. त्याच्याने काहीच झालं नाही. तो तोंडावर ऊन घेऊन तसाच बसून राहिला, आणि त्याला कळत होतं की त्याच्या चेहऱ्यावरची प्रत्येक रेघ तिला या क्षणी स्वच्छ दिसतेय, आणि तिचं तिथे, उजेडाच्या पलीकडे, काय चाललंय ते त्याच्यापर्यंत येणार नाही, आज नाही आणि नंतरही नाही.

"जरा झाकणावर बसा," कोकिळा म्हणाली. "कडी नाही बसत. हाताला जोरच नाही राहिला माझ्या."

तो उठला आणि ट्रंकेवर बसला. त्याच्या वजनाने पत्रा दबला, आत कोटाच्या शेजारी ते एक ताट जरासं वाजलं. ती गुडघ्यांवर पुढे सरकली आणि डाव्या हाताने कडी चाचपू लागली. बांगड्या पत्र्यावर आपटत होत्या. "हलू नका," ती म्हणाली. तो हलला नाही.